मोठीमायचा पावसाळा

मोठीमायच्या दारात पोहोचलं की पहिल्यांदा जीभ दाखवावी लागे. अर्थात पोरानं. आईनं डब्याची पिशवी सांभाळत मागे उभं राहायचं, कचेरीतलं हजेरीपुस्तक डोळ्यांसमोर आणायचं आणि गप्प बसायचं. मोठीमाय उंबऱ्याच्या आत उकिडवी बसलेली असे. जीभ झाली की खालची पापणी ओढून डोळा, मग कपाळावर पालथा हात, मग नाक. नाक वाहत असलं किंवा अंग कढत लागलं तर तो पालथा हात तसाच वर उठे आणि रस्त्याकडे वळे. "घेऊन जा." एवढंच. तिच्याशी हुज्जत घालून काही उपयोग नसे. मी घालून पाहिली आहे.

"आजार काही चपला घालून नाही येत, बाई," ती म्हणे. "लेकराच्या पायानं येते. एक आत घेतला का नऊ पडले."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नागपुरात, सदरमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. नवऱ्याची बदली भंडाऱ्याला झालेली, सासूबाई गुडघ्यांनी जागेला खिळलेल्या आणि नंदू तीन वर्षांचा. पाळणाघर हा शब्द तेव्हा आमच्याकडे फारसा कोणी वापरत नसे. 'एक बाई सांभाळते' असं म्हणत. ही बाई गड्डीगोदामच्या मागच्या वस्तीत राहायची. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे हातभर अंगण आणि नऊ मुलं. दहावं कधीच नाही, मग कोणी कितीही ओळख आणो. नाव सुभद्राबाई. मुलं मोठीमाय म्हणत, म्हणून आम्हीही तिच्या पाठीमागे मोठीमायच म्हणायचो.

छप्पन साली तिच्या घरानं दीक्षा घेतली होती. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात दप्तर सांभाळायला आलेलं, हे सासूबाई दूधवाल्यालाही सांगत. नंदूला तिथे ठेवणार म्हटल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पाजते?" मी म्हटलं, "उकळलेलं." त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मी काय उत्तर दिलं ते त्यांनाही कळलं. विषय तिथेच संपला. नोकरी सोडणं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि गरजेपुढे सोवळं फार वेळ टिकत नाही.

मोठीमाय दिसायला मायाळू वगैरे अजिबात नव्हती. उंच, काटक, विटक्या पांढऱ्या लुगड्यातली, चालताना कायम कोणाच्या तरी मागे लागल्यासारखी. तिनं कुठल्या मुलाचा मुका घेतलेला मी पाहिला नाही. राजा, सोन्या, बबडी असलं काही तिच्या तोंडी नसे. मुलांशी ती मोठ्या माणसांशी बोलावं तशी बोलायची आणि आश्चर्य म्हणजे पोट्टे तिचं ऐकायचे. माझं न ऐकणारा नंदू तिथे स्वतःची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी करून ठेवी. मला त्याचा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिच्या आतल्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि समोरच्या भिंतीवर वर्ष होतं. म्हणजे गेरूनं काढलेले तीन मोठे चौकोन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ती चौथी शिकलेली होती, पण चौकोनात अक्षर एकही नव्हतं, कारण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना वाचता येत नव्हतं. उन्हाळ्याच्या चौकोनात कांदा, गाडगं, वाळूचा ढीग, पळसाचं फूल. पावसाळ्यात वाफ निघणारं भांडं, बैल, चाळणी. हिवाळ्यात संत्रं, बोरं, अर्धा सूर्य. कुठल्या महिन्यात मुलांनी काय खेळायचं, काय करायचं, ते सगळं तिथे ठरलेलं. दरवर्षी होळी झाली की ती भिंत पोतारायची आणि चौकोन नव्यानं काढायची. मागच्या साली जे बिनसलं ते गाळायचं, नवीन सुचलं ते घालायचं.

मला त्या भिंतीचं फार कौतुक वाटे. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "तीन सासरे आहेत मले, बाई. तिघांचेही स्वभाव मले माहीत आहेत. कोन कधी रागावते ते आधीच पाहून ठेवा लागते."

म्हणून तिचं सगळं काम एक ऋतू आधी चाले. फाल्गुनात पळसाची फुलं वेचून वाळवायची, वैशाखात त्या पाण्यानं मुलांना आंघोळी. हिवाळ्यात संत्र्यांच्या साली उन्हात घालायच्या, कुटून डब्यात भरायच्या, ते उटणं पुढच्या दिवाळीला प्रत्येक मुलाबरोबर घरी जाई. मार्चमध्ये एक ओळखीचा ट्रकवाला कन्हान नदीची वाळू आणून टाकी. अंगणातल्या कडुलिंबाखाली ती वाळू ओली करून पसरायची आणि त्यात मुलं बोटानं अक्षरं गिरवायची. नंदूनं आपलं नाव पहिल्यांदा लिहिलं ते कन्हानच्या वाळूत.

उन्हाळ्यात तर बघायला नको. नागपूरचं ऊन मी सांगायला नको. प्रत्येक मुलाच्या खिशात एक कांदा. फ्रॉकना खिसे नसतात म्हणून मुलींच्या फ्रॉकना तिनं स्वतः खिसे शिवले, आम्हाला न विचारता. सकाळी कांद्यावर कोळशानं नाक-डोळे काढायचे, संध्याकाळी कोणाचा कांदा किती सुकला ते पाहायचं. प्रत्येकाचं गाडगं वेगळं, त्यावर खूण वेगळी. ज्याचं गाडगं दुपारपर्यंत दोनदा रिकामं होईल तो दुसऱ्या दिवशीचा राजा. नंदू राजा होण्यासाठी इतकं पाणी पीत असे की घरी आल्यावर मी चिडायची. ही सगळी खेळवण्याची हौस आहे असंच मी दीड वर्ष समजत होते.

मग एका जानेवारीत मी लवकर सुटून नंदूला न्यायला गेले. अंगणात उन्हाचा एक पट्टा असायचा. तो सरकला की ती मुलांची चटई त्याच्यामागे सरकवायची, दिवसभरात सात-आठ वेळा. मी शेजारी बसले. ती संत्रं सोलत होती. तुम्हाला स्वतःची मुलं किती, असं मी सहज विचारलं. तिनं सगळी फोड साफ केली, शिरा काढल्या, एका मुलाच्या हातात दिली आणि मग बोलली. नवरा कन्हानकडे कोळशाच्या खाणीत होता. थोरला चार वर्षांचा, वैशाखात भर दुपारी बसथांब्यापासून घरापर्यंत चालला, त्याला ऊन लागलं. धाकटी पुढच्याच पावसाळ्यात हगवणीनं गेली. शेजारचं आजारी लेकरू तिच्याशी खेळायला आलं होतं.

"उन्हाळ्यानं एक नेला, पावसाळ्यानं एक नेली," ती म्हणाली. "हिवाळ्यानं माह्याकडं पाह्यलंच नाही. त्याले द्याले काही उरलंच नव्हतं."

एवढं बोलून तिनं चटई सरकवली. त्या दिवसापासून मला ती भिंत वेगळी दिसायला लागली. कांदा, गाडगं, उकळतं भांडं, यातलं एकही चित्र खेळाचं नव्हतं. प्रत्येक ऋतूचा मारेकरी तिला माहीत होता आणि त्याच्या वाटेवर तिनं एकेक खेळ बसवून ठेवला होता. दारातली ती जीभ-डोळा तपासणी पण त्यातलीच.

तपासणीचा काच मात्र आम्हाला होता. नंदूला एकदा साधा खोकला झाला आणि तिनं सलग चार दिवस परत पाठवला. पाचव्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. सहाव्या दिवशी मी काय केलं तर पहाटे नंदूला खोकल्याचं औषध दुप्पट पाजलं, गरम पाण्याच्या गुळण्या करवल्या आणि जीभ नीट काढायची तालीम घेतली. तो आत गेला. दुसऱ्या आयाही हेच करत. तापाची गोळी देऊन आणायची, म्हणजे दारात अंग थंड लागतं. आम्ही एकमेकींना या युक्त्या सांगायचो आणि हसायचो. शाळेत मास्तरांना चकवावं तसं आम्ही मोठीमायला चकवत होतो.

आता पावसाळ्याबद्दल. आमच्याकडे झडी लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वाळू ओली चिंब, अंगणात जाता येत नाही, खिडक्या लावलेल्या, नऊ मुलं एका खोलीत. अशा दिवसांसाठी मोठीमायनं राखेची पाटी काढली होती. जुन्या काळच्या धूळपाटीसारखी. मे महिन्याच्या कडक उन्हात ती गोवऱ्यांची राख चाळायची, मग लुगड्याच्या कपड्यातून वस्त्रगाळ करायची, अगदी मैद्यासारखी, आणि पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट बसवून ठेवायची. राख कोरडी राहते, स्वच्छ असते, मुलाच्या तोंडात गेली तर अपाय नाही, राखेनं भांडी घासतातच, असा तिचा हिशेब. पावसात फळीवर ती राख पसरायची, मुलानं बोटानं अक्षर काढायचं. चुकलं की फळीच्या कडेला थाप मारायची, राख सपाट. मुलांना लिहिण्यापेक्षा ती थाप मारायलाच जास्त आवडायचं.

झडीच्या दिवसांत नंदूचं नाक पुसलं की रुमालावर करडा डाग उमटे. मी तो पाहिला होता. धुऊन टाकला.

कुसुम आमच्या कचेरीत शिपाई होती. नवऱ्याच्या जागेवर लागलेली, वय पंचवीसच्या आत, माहेरचं कोणी नाही, सासरच्यांनी दार लावून घेतलेलं. तिची छबी चार वर्षांची. तोवर ती पोरगी कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात पोत्यावर बसलेली असायची आणि मोठे साहेब आले की तिला पाण्याच्या माठामागे लपवावं लागायचं. मोठीमायकडे एक जागा रिकामी झाली तेव्हा मीच शब्द टाकला. छबीला जीभ दाखवायला सांगितलं तर तिनं आधी आईकडे पाहिलं आणि मग जेमतेम टोक बाहेर काढलं. मोठीमायनं तिला आत घेतलं. उन्हाळाभर पोरगी चांगली होती. गाडग्याच्या खेळात दोनदा राजा झाली. राणी का नाही, असं तिनं विचारलं म्हणे, तर मोठीमायनं त्या दिवसापासून राणी सुरू केली.

आषाढ लागला आणि छबीला धाप लागायला लागली. कुसुम तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी माठापाशी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली, कारण ती इंग्रजीत होती. बालदमा. गोळ्यांची नावं होती आणि खाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती. ती मी तिला मराठीत वाचून दाखवली. धूळ, धूर आणि राख यांपासून मुलीला लांब ठेवणे.

कुसुमनं ओढणीसारखा पदर तोंडावर धरला. घरी तिच्याकडे शेगडीच होती, धूर चुकणार कुठून? पण तिला भीती दुसरीच होती.

"मोठीमायले नका सांगू, बाई," ती म्हणाली. "दम्याची पोरगी ते घेनार नाही. मंग मी कामावर कशी येऊ? सकाळी गोळी देली का दुपारपर्यंत छाती वाजत नाही तिची. दारात कळत नाही."

मी त्या चिठ्ठीतल्या 'राख' शब्दावर थांबले होते. फळी माझ्या डोळ्यांसमोर आली होती, रुमाल आला होता. पण मी स्वतःला सांगितलं की राखेचा खेळ काही रोज नसतो. शिवाय मी सांगितलं असतं तर मी आणि बाकीच्या आया काय काय करत होतो तेही निघालं असतं. मी चिठ्ठीची घडी केली, कुसुमला परत दिली आणि बरं म्हटलं.

मोठीमायला काहीच कळलं नाही असं मात्र नव्हतं. श्रावणात एकदा तिनं मला थांबवलं. "पोरीची छाती वाजून राह्यली दुपारची. काहून?" मी म्हटलं कुसुमला विचारा. कुसुमला विचारलं तर ती म्हणाली, थंडी बाधली. मोठीमायनं छबीला घरी पाठवलं नाही. लसूण घालून तेल गरम केलं आणि रोज दुपारी छातीला चोळायला लागली. तिच्या कायद्यात ही सूट आजवर कोणाला मिळाली नव्हती, आणि ती मिळाली आहे हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. आम्ही आपल्या लपवाछपवीत एवढ्या गुंतलो होतो.

आणि छबीला धावता येत नव्हतं. बाकीची मुलं खोलीत उड्या मारत, ही भिंतीला टेकून बसे. तिला करमावं म्हणून मोठीमायनं राखेची फळी तिच्या मांडीशी ठेवून दिली होती. बाकीच्यांची पाळी अर्धा तास, छबीची दिवसभर. तिला अक्षरं लवकर यायला लागली होती. 'ब' पर्यंत आली होती, असं नंदूनं मला घरी येऊन सांगितलं. त्याला तिचा हेवा वाटत होता.

पोळा चार दिवसांवर होता. मुलांना घेऊन तान्ह्या पोळ्यासाठी मातीचे बैल करणं चालू होतं. मोठीमाय पूजा करत नसे, पण बैल करायची. सासूबाईंच्या ओळखीतल्या कोणी तरी त्यावरून टोचलं, तर तिनं विचारलं होतं, बैल कोणत्या धर्माचा असते? दोन दिवस झडी लागलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या दारात तिच्या शेजारचा रिक्षावाला भिजलेला उभा राहिला. छबीला मोठ्या दवाखान्यात नेलं आहे, म्हणाला.

कुसुम आणि मी पोहोचलो तेव्हा मोठीमाय वॉर्डाबाहेर भिंतीशी उभी होती. लुगडं पाण्यानं अंगाला चिकटलेलं. तिनं मुलीला रिक्षात सारा वेळ उभी धरून आणलं होतं, कारण आडवी केली की तिचा श्वास बंद व्हायचा. तिच्या हातांवर कोपरापर्यंत राख होती. पावसानं ती गेली नव्हती, ओली होऊन बसली होती.

आम्ही दोघी आत गेलो. कुसुम तिथेच थांबली, मी बाहेर आले. मोठीमायनं मला विचारलं, "डाक्टर काय म्हने?"

मी डॉक्टरांशी बोलून आले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो धुळीचाच.

"छातीत सर्दी भरली म्हणतात," मी म्हटलं.

"मी काही केलं का?"

"नाही हो."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराला पुसले. छबी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेली.

ती राखेनं गेली की शेगडीच्या धुरानं, की त्या दमट हवेनं, हे कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. पण मी त्यावर कधी फार काळ टेकू शकले नाही. डॉक्टरांना माहीत नव्हतं हे खरं, आणि मला माहीत होतं हेही खरं.

पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला, पहाटेपासून आमच्या मोहल्ल्यात मारबतीची आरोळी सुरू झाली. वर्षभराची रोगराई मारबतीच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर पाठवायची, ही आमच्या शहराची जुनी रीत. पोरं टिनाचे डबे बडवत ओरडत होती, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत." नंदूही ओरडत होता. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्याला का मारलं ते मी त्याला सांगितलं नाही, आणि तो मोठा झाल्यावरही सांगितलेलं नाही.

मोठीमायनं त्या वर्षी मुलांना बैल घेऊन गल्लीत फिरवलं नाही. आठ बैल आठ घरी पाठवले. नववा कुसुमकडे नेऊन दिला म्हणतात. मी पाहिलं नाही, कारण त्या दिवसापासून मी तिच्या घरी गेलेच नव्हते. नंदूला बालवर्गात घालायचं निमित्त आयतं होतं. दुपारी त्याला शेजारच्या काकू बघू लागल्या. कुसुम कचेरीत समोर दिसे, पाणी आणून ठेवी आणि जाई. आम्ही दोघी पुन्हा कधी माठापाशी एकत्र उभ्या राहिलो नाही.

पण वर्ष पुढे सरकलं तसा मला एका गोष्टीचा घोर लागला. मे महिना आला. मे महिन्यात ती राख चाळते. छबीच्या जागी आता दुसरं कोणी असेल, आणि पावसाळ्यात ती फळी पुन्हा निघेल, कारण मी तिला सांगितलं होतं की तुम्ही काही केलं नाही. मे गेला, जून गेला. मी रोज ठरवायची आणि रोज सदरमधून सरळ घरी यायची. आषाढात पहिली झडी लागली त्या दिवशी मला कचेरीत बसवेना. अर्धी रजा टाकली आणि छत्री घेऊन गड्डीगोदामला निघाले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत मुलं पालथी पडून शहाबादी फरशीवर लिहीत होती. प्रत्येकापुढे पाण्याची वाटी. बोट बुडवायचं, काळ्या फरशीवर अक्षर काढायचं. पहिलं वाळेपर्यंत दुसरं. दाराशी, उघड्या खिडकीखाली, एक मुलगा वेगळ्या चटईवर होता आणि खोकत होता. त्याच्यापुढेही वाटी होती. समोरच्या भिंतीवर तीन चौकोन होते. पावसाळ्याच्या चौकोनात चाळणी नव्हती.

मोठीमायनं मला बसायला सांगितलं नाही. आत गेली आणि एक फडकं घेऊन आली. पांढऱ्या लुगड्याचा हातभर तुकडा, करडा पडलेला.

छबी गेल्यावर आठ दिवसांनी तिनं मुलं यायच्या आधी खोली बंद केली होती. हे फडकं ओलं करून दोरीवर टांगलं, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर. मग स्वतः फळीवर बसली, एकटीच, आणि तासभर राखेत अक्षरं काढली, थापा मारल्या. त्यानंतर ते फडकं उतरवलं तर असं झालेलं. तिनं उरलेल्या राखेचा डबा नाल्यात रिकामा केला. हे सगळं तिनं मला पाऊण मिनिटात सांगितलं, चढा आवाज न करता.

मी म्हटलं, "मी तेच सांगायला आले होते."

"आता?" ती म्हणाली.

खोकणारा मुलगा आमच्याकडे बघत होता. तिनं त्याला लिही म्हणून खूण केली.

"कुसुम आली होती दिवाळीत. रडून गेली. चिठ्ठीचं तिनंच सांगतलं मले." मला ती दोन वर्षं तुम्ही म्हणत आली होती. आता म्हणाली, "तुले वाचता येत होतं वं. तुले माहीत होतं."

"तुम्ही तिला घेतलं नसतं," मी म्हटलं. "आजारी मूल तुम्ही घेत नव्हता."

"दुसऱ्याले लागते तो आजार नव्हती घेत. दमा लागते का दुसऱ्याले?" तिचा आवाज तेव्हाही चढला नाही. "मले सांगतलं असतं तर मी तिले दाराशी बसवलं असतं. पाण्यानं लिहवलं असतं. कायले काढलं असतं मी तिले?"

तिनं ते फडकं घडी केलं. मला वाटलं माझ्या हातात देईल, पण दिलं नाही. खुंटीला टांगलं. ते तिथेच टांगलेलं असायचं हे खुंटीखालच्या भिंतीवरच्या डागावरून कळत होतं.

मी छत्री उघडली आणि निघाले. गल्लीच्या वळणावर एक बाई पोराला काखेत घेऊन लगबगीनं येताना दिसली, उशीर झालेली, कुठल्या तरी कचेरीतली किंवा दुकानातली असावी. मी वळून पाहिलं. मोठीमाय उंबऱ्यात आली होती. पोरानं सवयीनं जीभ बाहेर काढली. तिनं ती पाहिली नाही. कपाळावर हातही ठेवला नाही. तिनं त्या बाईचं मनगट धरलं, तिला पावसातून आत ओढलं आणि काही तरी विचारलं. ती बाई आधी मान हलवत नाही-नाही म्हणत होती. मोठीमायनं मनगट सोडलं नाही. मग त्या बाईनं पोराला खाली ठेवलं आणि बोलायला लागली. मी तिथवर थांबले आणि मग घरी आले.